स्वच्छ छातीचा मालक

१

दोन फोटो, दोन्हींवर एकच नाव, मध्ये साडेपाच महिने. मॅडमनी ते दिव्याच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, यातला एक खोटा आहे. टाइप करू नका, नुसतं बघा."

मी डॉक्टर नाही. हॉस्पिटलच्या तळघरात छातीच्या एक्स-रेचे रिपोर्ट टाइप करते, अठरा वर्षं झाली. मॅडम बोलतात, मी बडवते. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना भिंगबाई म्हणतात आणि समोर आले की चळाचळा कापतात. पण एवढी वर्षं शेजारी बसल्यावर दगडालाही थोडं शहाणपण येतं. डावीकडचा फोटो आजचा, आमच्याच मशिनवरचा. दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात कुणीतरी मूठभर वाळू फेकून मारावी तसे दाणे, काही ठिकाणी ते एकत्र येऊन गोळे झालेले, दोन फुफ्फुसांच्या मधल्या ग्रंथींच्या कडेला अंड्याच्या टरफलासारखी पांढरी रेघ. उजवीकडचा कारखान्यातल्या वार्षिक तपासणीचा. काळा, मोकळा, वाळूचा कणही नाही.

"सिलिकोसिस," मॅडम म्हणाल्या. "वाळूची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की होतो. साडेपाच महिन्यांत कुणाच्या बापाला होत नाही."

रोगी बाहेर बाकावर होता. वाळूच्या जोरदार फवाऱ्याने लोखंडावरचा गंज काढायचं त्याचं काम, म्हणून आम्ही त्याला फवारेवाला म्हणू लागलो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पण तळघराच्या वीस पायऱ्या उतरताना तीनदा थांबला. क्षयाच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या, त्यात काही निघालं नव्हतं. त्याची बायको मात्र थांबणाऱ्यांतली नव्हती. कारखान्याच्या कार्यालयात दोन दिवस ठाण मांडून तिने नवऱ्याचे सहा वर्षांचे सहा फोटो मिळवले होते, ते पाकीट तिने मॅडमच्या टेबलावर आपटलं.

"दरवर्षी फोटो, दरवर्षी 'फिट'! माझा सख्खा भाऊ तिथे फोटो काढतो, मॅडम. दादाचा फोटो कधी वाकडा येत नाही, कारखान्यात त्याला ओळंबा म्हणतात. म्हणजे फोटो नीटच निघाला, पुढे कार्यालयात कुणीतरी बदलला. त्या मेल्याला शोधून काढा. माझा संसार जाळलाय त्याने."

"जाऊ दे ना गं," नवरा पुटपुटला. "झालं ते झालं."

"तुमचं हेच! तुमच्या तोंडात बोळा कोंबलाय का?"

मॅडमनी त्याच्या गळपट्टीच्या हाडावर बोट ठेवलं. "इथे मोडलं होतं?"

"लहानपणी. झाडावरून पडलो होतो."

आजच्या फोटोत ते जुळलेलं हाड ओबडधोबड दिसत होतं. मॅडमनी पाकिटातले सहा फोटो एकेक करून दिव्यावर धरले. सहाही फोटोंत ते हाड अखंड होतं.

सहाही वर्षं या नावावर दुसऱ्याच कुणाची तरी छाती दाखवली गेली होती.

२

"सहा जणांची की एकाची?" नवराबायको वर वॉर्डात गेल्यावर मी विचारलं. त्याला त्याच दिवशी भरती करून घेतलं होतं.

"शाबास," मॅडम म्हणाल्या. इतक्या वर्षांत हा शब्द मी चौथ्यांदा ऐकला.

त्यांनी सहाही फोटो ओळीने लावले. मानेच्या मुळाशी, उजव्या बाजूला, एक बोटभर जास्तीची बरगडी होती. शंभरात एखाद्याला असते, असलेल्याला पत्ताही नसतो. सहाही फोटोंत ती होती. म्हणजे माणूस एकच. अंगाने सडपातळ, छाती लांबट, हृदय अरुंद, वय पन्नासच्या आतबाहेर.

"आणि उभा वाकडा केलाय," मॅडम करवादल्या. "उजव्या खांद्याच्या मागचं पातं फुफ्फुसावर आलंय. छातीच्या फोटोत दोन्ही कोपरे पुढे ओढून पाती बाजूला काढायची असतात, हे शिकाऊ पोरालाही कळतं."

मग त्यांनी भिंग घेतलं, पहिल्या वर्षापासून सुरुवात केली आणि प्रत्येक फोटोत उजवीकडे खाली, एका बरगडीच्या आड, तीच जागा पाहिली.

"पहिल्या वर्षी काही नाही. दुसऱ्या वर्षी नाही. तिसऱ्या वर्षी बघा."

मला आधी दिसेना. मग दिसला. मसुराएवढा पांढरट ठिपका.

"स्तनाग्राची सावली असेल," मी माझं ज्ञान पाजळलं.

"ती दोन्हीकडे पडते. आणि ती वाढत नाही."

चौथ्या वर्षी वाटाण्याएवढा होता. पाचव्या वर्षी त्याहून मोठा. सहाव्या वर्षी, म्हणजे साडेपाच महिन्यांपूर्वी, सुपारीएवढा, आणि त्याच्या कडांना बारीक काटे फुटलेले.

"कॅन्सर," मॅडम म्हणाल्या. "नव्वद टक्के. वाळूचे दाणे शोधणाऱ्याला दाणे दिसले नाहीत, म्हणून त्याने फोटो स्वच्छ ठरवला. एवढा खडा त्याच्या डोळ्यात गेला नाही."

"मग आता चोर सापडला की..."

"चोर खड्ड्यात गेला. हा माणूस आज कुठेतरी चालतोय, बोलतोय, जेवतोय आणि त्याला माहीत नाही. अजून पसरला नसेल तर कापून काढता येईल. उशीर झाला तर नाही. मला गुन्हेगार नकोय, बाई. मला रोगी हवाय."

३

दुसऱ्या दिवशी आम्ही वॉर्डात गेलो. फवारेवाला उशांना टेकून ऑक्सिजनवर बसला होता. मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं की पाकिटातली छाती ज्याची आहे तो फार आजारी आहे, आणि कोण ते लवकर कळलं तर कदाचित वाचेल.

बायकोने ऐकून घेतलं. मग ओठ घट्ट मिटून म्हणाली, "करावं तसं भरावं. माझ्या माणसाच्या नावावर स्वतःची छाती लावली ना? बसू दे आता भोगत."

पण तिला दोष कसा देऊ? तिच्या शेजारी खाटेवर तिचा नवरा अर्ध्या श्वासावर जगत होता.

तो मात्र मान हलवत राहिला. "नाही मॅडम. ते फोटो स्वच्छ आहेत. तुम्ही नाव काढून घ्यायला असं बोलताय."

"मी खोटं बोलत नाही."

"डॉक्टर लोकांना बोलावं लागतं. पण ते स्वच्छ आहेत. मी पाहिलेत."

मॅडमचे डोळे बारीक झाले. "कुठे पाहिलेत?"

त्याला खोकल्याची उबळ आली. खरी होती, पण वेळेवर आली. उबळ थांबल्यावर त्याने डोळे मिटून घेतले आणि उघडलेच नाहीत.

जिना उतरताना मॅडम म्हणाल्या, "कारखान्यात कामगाराच्या हातात फोटो देत नाहीत. बायकोला ते मिळवायला दोन दिवस बसावं लागलं. पाकीट इथे उघडलं तेव्हा हा भिंतीकडे बघत होता. मग याने पाहिले कुठे?"

"म्हणजे याला माहीत आहे कुणाची छाती ते?"

"माहीत आहे. आणि त्या माणसावर याचा इतका जीव आहे की तो त्याला वाचवतोय. मारतोय हे त्याच्या गावीही नाही."

४

मॅडमनी रजा टाकली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मला म्हणाल्या, "पाकीट घ्या आणि चला. तुम्ही बघायचं, मी बोलायचं." म्हणजे नेहमीचंच.

कारखान्याचे डॉक्टर गोलमटोल गृहस्थ होते. पोट टेबलाच्या खणाला टेकलेलं, खण उघडायचा तर खुर्ची मागे घ्यावी लागे. बोलणं गोड.

"तपासणीच्या आठवड्यात रोज ऐंशी ऐंशी फोटो येतात हो. माणूस आहे मी पण. आधीच्या वर्षीचं बघतो, फरक नसला की लिहितो 'मागीलप्रमाणे'."

"आधीच्या वर्षीचा फोटो बघता की रिपोर्ट?"

डॉक्टरांनी पेपरवेट फिरवला. "आता फोटो काढायचे, शोधायचे... रिपोर्टात सगळं असतंच की."

"म्हणजे तुम्ही तुमच्याच सहीशी तुमचीच सही ताडून बघता."

ते हसले. लाज नसलेला माणूस हसतो तसे.

दुसरे भेटले कामगारांचे अधिकारी. त्यांच्या पाठीमागे पाटी होती: 'फवारा खाते – धुळीचा आजार शून्य.' मला तेव्हाच वाटलं, हाच तो. सडपातळ, पन्नाशीचे, आणि शून्य टिकवण्यात ज्याचा फायदा तेच हे. बोलता बोलता त्यांनी कॉलरचं बटण सोडलं, गोळी घेतली, आणि गळ्याखाली उभा व्रण दिसला.

"बायपास?" मॅडमनी विचारलं.

"आठ वर्षं झाली. आता ठणठणीत."

माझा संशयित तिथेच निसटला. बायपासमध्ये छातीचं हाड तारेने शिवतात, त्या तारा जन्मभर फोटोत चमकतात. आमच्या सहा फोटोंत तार नव्हती. डॉक्टरांचं पोट तर सहा फोटोंत मिळून मावलं नसतं.

"कुणाचा फोटो खराब आला तर काय करता?" मॅडम विचारत होत्या.

"लगेच काम बंद. नियमच आहे. आरोग्याला जपतो आम्ही."

"दुसरं हलकं काम देता?"

"दुसरं काम कुठून आणायचं? घरी पाठवतो."

"आणि एक्स-रेच्या खोलीची किल्ली?"

"एकच आहे, फोटोवाल्याकडे. मागे एकदा तो तापाने पडला होता, तर अख्खी तपासणी आठवडाभर पुढे ढकलावी लागली. विचारा त्यालाच."

५

ओळंबा उंच, शिडशिडीत, कपड्यांना इस्त्री केलेला माणूस निघाला. बहिणीसारखंच नाक. त्याची खोली देवघरासारखी स्वच्छ होती. भिंतीला छाती टेकवून उभं राहायचा स्टँड, पलीकडे मशीन, कोपऱ्यात शिशाचा पडदा, पडद्याआड फोटो घ्यायचं हातातलं बटण गुंडाळीच्या वायरीला लटकलेलं. एवढ्या टापटिपीत ती वायर तेवढी जुन्या नाडीसारखी ताणून सैल झालेली होती.

"भाऊजी कसे आहेत?" त्याने आधी तेच विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे कसे आहेत ते," मॅडम म्हणाल्या. "तुमचे चार फोटो दाखवा बघू."

त्याने गठ्ठाच काढून दिला. मानलं पाहिजे, काय काम होतं! गळपट्टीची हाडं तराजूच्या दांडीसारखी समतोल, दोन्ही पाती बाजूला, श्वास पूर्ण भरलेला. मॅडमच्या तोंडून कौतुकाचा आवाज निघाला. मग त्यांनी पाकिटातला एक फोटो नावावर अंगठा ठेवून त्याच्यापुढे धरला.

"वाकडा आहे," ओळंबा लगेच म्हणाला. कारागीर माणूस, राहवेना त्याला. "उजवा खांदा मागे गेलाय. असलं काम मी खोलीबाहेर जाऊ देणार नाही."

"मग कुणी काढला?"

अंगठ्याच्या कडेने डोकावणारं नाव त्याने वाचलं असावं. जिभेने ओठ ओले केले. "काय सांगू? किल्ली कार्यालयातही असते."

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही.

निघताना त्यांनी तिघांनाही अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये एकत्र बसवलं आणि सहावा फोटो खिडकीच्या काचेवर धरला. "ही कुणाची छाती आहे मला माहीत नाही. पण यात गाठ आहे. कॅन्सर असावा. ज्याची आहे त्याने माझ्याकडे यावं. कसं, का, कुणाच्या सांगण्यावरून, एक अक्षर विचारणार नाही. फक्त यावं."

मग अधिकारी मोठ्याने हसले.

"वा मॅडम! चोराला बिळातून काढायची युक्ती नामी आहे. पण आमच्याकडे एवढे भोळे लोक नाहीत."

डॉक्टर हसले. मागोमाग ओळंबाही हसला. जरा उशिरा हसला, आणि मग केबिनमधून बाहेर पडणारा पहिला माणूस तोच होता.

६

कुणीही आलं नाही.

एक दिवस गेला, आठवडा गेला, अठरा दिवस गेले. खरं बोलण्याची अशी किंमत असते हे मला माहीत नव्हतं. मॅडमनी आयुष्यात कधी कुणाला गोड लागावं म्हणून एक वाक्य उच्चारलं नाही, आणि नेमकं जेव्हा विश्वास ठेवायला हवा होता तेव्हा लोकांनी त्यांना सापळा लावणारी समजलं.

"ओळंब्याने किल्लीबद्दल खोटं सांगितलं," मी रोज म्हणायचे. "त्यानेच कुणाला तरी उभं केलं असणार."

"त्याने काढले हे उघड आहे. पण उभं कोणाला केलं? कारखान्यात सातशे माणसं. अर्धी सडपातळ. आणि असला हात ज्याचा, तो एकाच माणसाचा फोटो सहा वर्षं वाकडा का काढेल?"

एकोणिसाव्या दिवशी साडेचारच्या चहाला मॅडम कप तसाच ठेवून उठल्या.

"बाई, चूक कशी असते? कधी डावीकडे होते, कधी उजवीकडे. सहा वर्षं एकाच बाजूला, एवढीच्या एवढीच होते, तिला चूक म्हणत नाहीत. तिथे काहीतरी गरज असते. चला, उभ्या राहा."

त्यांनी मला आमच्या मशीनच्या स्टँडला छाती टेकवून उभं केलं. मशीन बंद होतं. "आता तुमचाच फोटो तुम्हाला काढायचाय. खोलीत दुसरं कुणी नाही. ते तिथे बटण."

बटण पडद्याआड, वायर आखूड. मी भिंतीकडे तोंड करून डावा हात कमरेवर ठेवला, कोपर पुढे ओढलं. उजवा हात मात्र मागे, अगदी मागे ताणावा लागला. वायर ताणली गेली, बोट कसंबसं बटणावर पोचलं. खांदा आपोआप मागे गेला. मॅडमनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला. उजवं पातं आत सरकलं होतं. डावं जागेवर होतं.

मला कारखान्यातली ती सैल झालेली वायर आठवली. वर्षातून एकदा ताणून काही वायर एवढी सैल होत नाही म्हणा, पण ती लोंबत होती, पडद्यापासून स्टँडपर्यंत जेमतेम पोचेल एवढी.

"किल्ली एकाकडेच," मॅडम सावकाश म्हणाल्या. "सडपातळ तोच. बाकी सगळ्यांचे फोटो सरळ, कारण तेव्हा तो पडद्याआड असतो. हा एकच वाकडा, कारण तेव्हा तो समोर असतो. आणि फवारेवाल्याने ते फोटो पाहिले, कारण ज्याने काढले त्याने घरच्या माणसाला दाखवले."

"म्हणजे तिचा दादा?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजत आले होते. भेटायची वेळ.

ज्याला आम्ही शोधत होतो तो अठरा दिवस रोज पाच वाजता आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर येऊन भाऊजींना फळं कापून देत होता.

७

मॅडमच्या निरोपावरून तो खाली आला तेव्हा हातात रिकामी ताटली होती. "भाऊजींचा काही नवा रिपोर्ट?"

"शर्टचं वरचं बटण काढा."

मॅडमनी त्याच्या उजव्या गळपट्टीच्या हाडावर, मानेच्या मुळाशी, बोटं दाबली. मग माझा हात धरून तिथे ठेवला. आत काहीतरी कठीण लागत होतं, बोटभर. ती जास्तीची बरगडी.

मग त्यांनी सहा फोटो ओळीने लावले, दिवा लावला आणि खुर्ची पुढे सरकवली. फोटो काढण्यात उभा जन्म गेलेला माणूस. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने पहिल्यापासून पाहत पाहत तिसऱ्यापर्यंत नजर नेली, थांबला, चौथा पाहिला, आणि पुढचे दोन न पाहताच ताटली खाली ठेवली.

"मला वाटलं, तुम्ही पकडायला सांगताय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

मग त्याने सगळं सांगितलं, न विचारता. सहा वर्षांपूर्वी भाऊजींच्या खऱ्या फोटोत त्याला दाणे दिसले. त्याने भाऊजींना गुपचूप बोलावून दाखवले. भाऊजी पाया पडले. मुलगी शिकत होती, घरी पाठवलं तर काय? एकच वर्ष, म्हणाले. तेवढ्यात दुसरं काम बघतो. खरा फोटो दोघांनी मिळून नष्ट केला.

"आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकच वर्ष," मॅडम म्हणाल्या.

"हो. मी बहिणीच्या तोंडाकडे बघून केलं, मॅडम. तिला यातलं काही माहीत नाही."

"पण स्वतःची छाती का? खात्यात चांगली पोरं कमी होती?"

त्याला प्रश्नाचं नवल वाटलं. "दुसऱ्याला दोनदा उभा करायचा? कारण नसताना कुणाच्या अंगावर किरण मारायचे? ते बरं नव्हे. आपली छाती आपल्या ताब्यातली."

मला हसावं की रडावं कळेना. एवढा मोठा खोटेपणा करताना हा माणूस धंद्याचा नियम पाळत होता.

"तुमचा स्वतःचा फोटो? तुमच्या नावाचा?"

"आमची तपासणी नसते. फक्त धुळीच्या खात्याची."

म्हणजे जगात त्याच्या छातीचे सहाच फोटो होते, आणि सहाही दुसऱ्याच्या नावावर.

"तुम्हाला हा ठिपका दिसला नाही?" मी न राहवून विचारलं.

"दाणे नाहीत ना, एवढंच बघायचो, बाई. आणि वाकडा आला म्हणून दरवर्षी वाईट वाटायचं." त्याने शर्टचं बटण लावलं. "किरणांनी झालं का?"

"नाही. इतक्याशा किरणांनी नाही. कशाने झालं ते फोटो सांगत नाही."

"कुठल्या वर्षी कळलं असतं तर वाचलो असतो?"

मॅडमनी खोटं बोलावं असं मला त्या क्षणी फार फार वाटलं.

"तिसऱ्या. चौथ्याही वर्षी, बहुतेक."

८

सीटी स्कॅन झाला. गाठ मधल्या ग्रंथींपर्यंत गेली होती आणि यकृतात तीन ठिकाणी दिसली. शस्त्रक्रियेचा प्रश्न मिटला. आम्ही वाया घालवलेल्या अठरा दिवसांनी काही फरक पडला नव्हता, असं मॅडमनी मला दोनदा सांगितलं. फरक तीन वर्षांनी पाडला होता. तरी दुसऱ्यांदा सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

ओळंब्याने स्वतःच सगळं लिहून कळवलं होतं, त्यावर कारखान्याचं पत्र आलं. फोटोवाल्याने बनावट फोटो लावले म्हणून त्याला काढून टाकलं. फवारेवाला स्वतःच त्यात सामील होता म्हणून त्याच्या आजाराला कारखाना जबाबदार नाही. डॉक्टरांबद्दल एक ओळ होती: त्यांची दिशाभूल झाली. सहा वर्षं न बघता सह्या केल्या त्या माणसाची दिशाभूल झाली! मी ते पत्र फाडणार होते, मॅडमनी हातातून काढून घेतलं आणि फाइलला लावलं.

फवारेवाल्याला सांगावंच लागलं. तो मास्क बाजूला करून म्हणाला, "तुम्ही मला त्या दिवशी खरं सांगितलं होतंत." एवढंच.

बायकोला नवऱ्यानेच सांगितलं. ओळंब्याला त्याच वॉर्डात खाट मिळाली होती, नवऱ्यापासून दोन खाटा सोडून. ती तीन दिवस दोघांशीही बोलली नाही. येत होती, दोघांना जेवू घालत होती, दोघांचे कपडे बदलत होती, नवऱ्याच्या पाठीवर मूठ मारून कफ सुटा करत होती, पण तोंडातून शब्द नाही. शेजारच्या खाटेजवळ बसलेली म्हातारी म्हणाली, ही मुकी आहे का हो?

चौथ्या दिवशी ती खाली आली. तिला बघून मी उभी राहिले. मॅडमही उभ्या राहिल्या, त्या कुणासाठी उभ्या राहत नाहीत.

"मी त्याला शिव्या दिल्या होत्या ना," ती म्हणाली. "तुमच्या देखत. बसू दे भोगत म्हणाले होते."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुम्हालाही नव्हतं. मग कशाला शोधलंत?"

"उपचार करता येतील म्हणून."

"येतायत?"

मला माहीत आहे, मॅडमकडे याची डॉक्टरी उत्तरं होती: दुखणं कमी करता येतं, औषधं आहेत, काही महिने वाढतात. त्यातलं एकही त्यांनी काढलं नाही.

"मी तुमच्या पायाशी आले म्हणून तुम्ही शोधलंत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी नसते आले तर दादा अजून चार-सहा महिने तरी रोज पाचला आला असता, यांना फळं कापून दिली असती, मला हसवलं असतं. मला माझा नवरा बिचारा वाटला असता आणि भाऊ देवमाणूस. आता मला दोघांचाही राग येतो, मॅडम, आणि दोघंही मरतायत. मी रागवायचं कधी आणि रडायचं कधी?"

मॅडमनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. वर दोघांच्या जेवणाची वेळ झाली होती, म्हणून ती निघून गेली.

मॅडम पुन्हा पेटीपुढे बसल्या. पुढचा फोटो लावला, कुणाचा तरी, साधा खोकल्याचा. मी बोटं कळांवर ठेवून वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "बाई, याचा जुना फोटो आहे का बघा." मी शोधायला उठले तेव्हा त्या चष्मा काढून डोळे पुसत होत्या, आणि मी कपाटाकडे तोंड करून जितका वेळ लागेल त्याहून जास्त वेळ शोधत राहिले.